सहावा आवाज

मी विहिरीत पाच दगड टाकले, सहा आवाज ऐकले, वहीत पाच लिहिले आणि विचारणाऱ्या बाईला सहा सांगितले. तिचा नवरा थोड्या वेळाने त्याच विहिरीत उतरणार होता.

या प्रकाराला आता तीन वर्षं होत आली. तरी वर्गात फळ्याकडे तोंड करून मी गणित सोडवत असलो आणि मागे कुणाच्या हातून कंपासपेटी पडली, की माझा खडू थांबतो आणि मी मनातल्या मनात मोजायला लागतो. एक, दोन. पोरांना वाटतं, सर पुढची पायरी विसरले. काही वेळा तेही खरं असतं.

मी जळगावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे मुख्यतः गणितं सोडवून घेतो. दिलेलं डावीकडे लिहा, काढायचं ते उजवीकडे लिहा, सूत्र आठवा, किमती घाला, उत्तर आलं की खाली दोन रेघा मारा. आमच्या विषयाचा अर्धा गाडा ‘असं समजा’वर चालतो. हवेचा विरोध नाही असं समजा. दोरीला वजन नाही असं समजा. कप्पी घर्षणाशिवाय फिरते असं समजा. पंचवीस वर्षं मी वजन नसलेल्या दोऱ्यांना माणसं टांगत आलो आहे आणि त्यातलं एकही माणूस कधी पडलेलं नाही.

त्या वर्षी विहिरीचं गणित घेतलं होतं. दगड सोडला, इतक्या सेकंदांनी आवाज आला, तर विहिरीची खोली काढा. उत्तराखाली दोन रेघा मारून मी वळलो, तर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, हे तुम्ही कधी करून बघितलंय का?”

“पुष्कळदा,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे, पण मला ते लागलं. कारण मी विहिरीत आयुष्यात एकदाच काही टाकलं होतं, आणि ती माझी चप्पल होती.

आणखी एक सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी किती उघडा पडलो ते नीट कळेल. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मुलं रीडिंग मॅनेज करतात. लोलक हलवण्याआधीच उत्तर ९.८ यायला हवं हे माहीत असतं, मग तिथून मागे मागे येत रीडिंगं भरायची. न जुळणारं एखादं आलंच तर खोडरबर. या कलेचा मी कट्टर वैरी. ‘जे दिसलं तेच लिहा’ असं लाल शाईत लिहून लिहून माझ्या बोटाला घट्टा पडला आहे.

तर मे महिन्यात मी अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत. काळी जमीन, कपाशी, आणि मळ्यात भाऊजींच्या वडिलांनी खणलेली विहीर. त्या उन्हाळ्यात ती आटली होती. तळाशी कमरेएवढा गाळ होता आणि पावसाच्या आत तो काढायचा होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातलं जोडपं दर उन्हाळ्यात या भागात गाळ काढायला येतं. त्यांची शेती पावसावरची, पाऊस येईस्तोवर हे काम. नवरा खाली उतरून घमेली भरतो, बायको काठावर बसते. ते कालच येऊन मळ्यात उतरले आहेत हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात ती पहिल्या बाकावरची मुलगी पुन्हा बोलली.

मी संध्याकाळी बांधावरून नारळाएवढे पाच दगड गोळा केले, पाण्याने धुतले आणि भाचीच्या डबीतली लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येकावर एक ते पाच आकडे घातले. प्रयोग म्हटला की नोंद पक्की हवी. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने ते लाल आकडे घातलेले काळे दगड एकदा पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिलं.

“ही करणी कोनावर शे?”

“अक्का, हे शास्त्र आहे. विहिरीची खोली मोजायची.”

भाऊजी खाटेवरून म्हणाले, “सर, खोली मी सांगस ना. पंच्याहत्तर फूट. आबानी खंदी तवय दोर मोजेल व्हता.”

“तसं नको. वेळेवरून काढायची.”

“म्हन्जे माहीत शे तेच काढाचं.”

“काढ बापा,” अक्का म्हणाली, “पन तेस्ना काम मा तोंड घालू नको.”

सकाळी साडेआठलाच उन्हाचे चटके बसत होते. नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात एकही हिरवी काडी नाही, आणि त्या सगळ्या उजाड सपाटीत मधोमध ती विहीर. वरचं पंधरा-वीस फूट घडीव दगडाचं, चुन्यात बांधलेलं, त्याखाली नुसता काळा खडक. बांधकामाच्या सांध्यातून एक पिंपळाचं रोप बाहेर आलेलं, हातभर उंच, टवटवीत. सगळं रान करपलेलं असताना याला पाणी कुठून मिळतं, असं वाटून मी त्याचा फोटोही काढला. कपारीत पारवे घुमत होते. विहिरीत पारवे घुमतात तेव्हा आवाज पाखरांचा वाटत नाही, विहिरीचाच वाटतो. खूप आतून कुणीतरी झोपेत काहीतरी सांगतंय असा.

काठावर हाताने फिरवायचा लोखंडी रहाट बसवला होता. नवरा त्याचा दोर तपासत होता. पन्नाशीच्या आसपासचा, वाळकी अंगकाठी, एक शब्द बोलत नव्हता. आणि त्याची बायको विहिरीच्या काठावर पालथी झोपली होती. गाल दगडाला टेकवलेला, डोळे मिटलेले, एक हात आत सोडलेला.

“काय झालं तिला?” मी घाबरून विचारलं.

भाऊजींनी ओठावर बोट ठेवलं. “इहीर आयकी राहिनी ती,” ते कुजबुजले.

रोजची रीत होती ती. उतरण्याआधी बाई असं पाव तास ऐकते. विहीर गप्प असली तर नवरा उतरतो. बोलली तर त्या दिवशी नाही उतरत. गेल्या साली शेजारच्या शिवारात अर्धी झालेली विहीर टाकून दोघं निघून गेली होती. का, ते विचारलं तर बाई एवढंच म्हणाली होती की ती विहीर बोलते. एवढं सांगून भाऊजी रहाटाला लावायला वंगण आणतो म्हणून शेडकडे गेले.

मला हसू आलं. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. आपल्याकडे सूत्र असलं की येतं तसं. बाईच्या कानापेक्षा माझं फोनमधलं घड्याळ शंभर पटीने बारीक मोजतं, असंही मनात येऊन गेलं. पाव तास थांबायला काय हरकत होती? पण ऊन वाढत होतं, आणि मला नाश्त्याला परत जायचं होतं. मी पिशवी उचलली आणि बाईच्या समोरच्या बाजूला जाऊन काठावर ओणवा झालो.

वर चटका आणि खालून गार हवा. ती हवा एकसारखी येत नव्हती. यायची, थांबायची, पुन्हा यायची. तोंडावर कुणी श्वास सोडावा तशी. तिला ओल्या राखेचा वास होता. खाली पाहिलं तर पहिल्या वीस फुटांपर्यंत दगड दिसत, पुढे खडक, आणि मग डोळ्यांना काही मिळत नव्हतं. तळाशी थोडं पाणी असावं, कारण माझं डोकं तिथे बारीकसं दिसत होतं. मी मान हलवली. ते जरा उशिरा हललं असं मला वाटलं. प्रकाशाला तेवढ्या अंतराला वेळच लागत नाही, हे मला माहीत आहे. माझं पोटच त्यावर चालतं.

पहिला दगड सोडला. बटण दाबलं. काहीच नाही. दोन सेकंद म्हणजे किती मोठे असतात, हे गणितात कळत नाही. मग खालून आवाज आला, थप्प, चिखलात पायताण आपटल्यासारखा. पारवे एकदम बाहेर आले, वर एक गिरकी घेतली आणि पुन्हा आत शिरले. २.१४. दुसरा, २.२७. तिसरा, २.१९. चौथा, २.२२. प्रत्येक वेळी मी वही मांडीवर घेऊन नीट आकडा लिहीत होतो. समोरची बाई हलली नव्हती.

चौथं रीडिंग लिहीत होतो तेव्हा पारवे पुन्हा बाहेर आले. या वेळी त्यांनी गिरकी घेतली नाही. एकामागून एक सरळ निघाले आणि लांबच्या निंबाकडे गेले. मला वाटलं, कंटाळले. मी पिशवीत हात घातला, पाचवा दगड बाहेर काढला, त्याच्यावरचा लाल पाच पाहिला.

आणि खाली आवाज झाला. थप्प.

दगड माझ्या हातात होता.

मी दगडाकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ शून्यावर होतं. विहिरीची गार हवा थांबली होती. क्षणभर मला अगदी खरोखर वाटलं की हा माझ्या पाचव्या दगडाचाच आवाज आहे, आणि आता तो टाकणं तेवढं बाकी राहिलं आहे. हातातला दगड जड झाला. तो टाकू नये असं वाटलं, आणि टाकला नाही तर काहीतरी अपुरं राहील असंही वाटलं.

मी टाकला. २.१८. थप्प.

पाच दगड, सहा आवाज. मी काय केलं असेल? मुलांना जे करू नका म्हणतो तेच. न जुळणारं रीडिंग गाळलं. प्रतिध्वनी असेल. बेडूक असेल. चौथा दगड कपारीत अडकून मागाहून पडला असेल. मी पाच आकड्यांची बेरीज केली, बरोबर अकरा आली, भागिले पाच, सरासरी २.२०. इतकं गुळगुळीत उत्तर आलं की त्यात खोट काढायचं माझ्या मनात येईना.

बाईने डोळे उघडले. उठून बसली. गालावर दगडाची खरखर उमटली होती.

“मास्तर,” ती म्हणाली, “धोंडा किती टाकात?”

प्रश्न साधा होता. ती डोळे मिटून होती, तिने आवाज मोजले होते आणि त्यातले माझे किती एवढंच तिला हवं होतं. पाच म्हणालो असतो तर काम संपलं असतं. पण पाच म्हटलं की सहावा कोणाचा हा प्रश्न आला. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि थोड्याच वेळापूर्वी मी या बाईला नाकात हसलो होतो. तिने सहा ऐकले असणार हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. उत्तर सहा यायला हवं होतं. तिथून मी मागे आलो.

“सहा,” मी म्हणालो.

“सहा?”

“सहा.”

तिने लांबच्या निंबाकडे पाहिलं. “पारवा फिरनात नहीत.”

“ऊन वाढलं,” मी म्हणालो. मी पक्ष्यांचाही मास्तर झालो.

ती नवऱ्याशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलली. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, दोर कपाळाला लावला, टोकाच्या फळीवर पाय ठेवला. भाऊजी वंगण घेऊन आले होते. ते आणि बाई रहाट सोडत गेले आणि तो माणूस माझ्या दगडांच्या मागोमाग खाली गेला. आधी त्याचं डोकं दिसत होतं, मग पागोटं, मग नुसता दोर. त्याच्या मनगटाला एक बारीक दोरी होती, तिचं दुसरं टोक बाईच्या हातात. एक झटका म्हणजे घमेलं ओढा, तीन झटके म्हणजे मला ओढा किंवा वर ये.

मी शेडच्या सावलीत जाऊन बसलो आणि गणित पुरं करायला घेतलं. दगड पडायला लागलेला वेळ आणि आवाज वर यायला लागलेला वेळ, दोन्ही मिळून २.२०. वर्गसमीकरण मांडलं. वर्गसमीकरणाला उत्तरं दोन येतात. एक आलं २.१३ सेकंद. त्यावरून खोली बावीस मीटर आणि थोडं वर, म्हणजे त्र्याहत्तर फूट. आबांच्या दोरापासून दोन फूट इकडे. मी खूश. दुसरं उत्तर आलं उणे साडेएकाहत्तर सेकंद. अशा उत्तराचं काय करायचं ते मी दर साली शिकवतो: वेळ ऋण असू शकत नाही, दगड सोडण्याच्या आधी आवाज येऊ शकत नाही, म्हणून खोडा. मी त्यावर रेघ मारली.

रेघ मारताना हात थांबला. दगड सोडण्याच्या आधी आवाज येऊ शकत नाही. माझा दगड हातात होता आणि आवाज आला होता.

मग मी हिशेब दुसऱ्या टोकाने करायला लागलो आणि तो आपोआप होत गेला, नको म्हटलं तरी. खाली आवाज झाला म्हणजे काहीतरी पडलं. तिथे पोचायला त्याला दोन सेकंद लागले असणार. म्हणजे मी पिशवीत हात घातला तेव्हा ते वरून कुठूनतरी सुटलं, माझ्या नाकासमोरून गेलं आणि मी मान खाली घालून लाल पाच बघत होतो. जेवढ्या उंचीवरून पडलं तेवढ्याने त्याचा तळाशी वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास, म्हणजे धुळ्याच्या हायवेवर मोटार जाते तेवढा. खाली एक माणूस वाकून घमेलं भरतोय. वरून मी ओरडलो तर आवाज त्याच्यापर्यंत पाऊण दशांश सेकंदाच्या आत पोचेल. तो मान वर करील. बस, तेवढंच करील.

मी उठायला हवं होतं. मी उठलो नाही. पुन्हा बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती.

तेवढ्यात पहिलं घमेलं वर आलं. गाळ नव्हता त्यात, दगड होते. चिखलात पायाला लागतात म्हणून माणूस आधी दगड काढतो. बाईने एकेक दगड पदराने पुसला आणि काठावर मांडला. काळ्या दगडांवर लाल आकडे. तीन. एक. पाच. उन्हात ते आकडे ओले दिसत होते. चार. दोन. आकडे तिला येत होते, फोन लावण्यापुरते तरी येत होते. तिने ते ओळीने लावले. मग घमेल्यातून आणखी एक दगड काढला आणि पाचच्या पुढे ठेवला.

तो चौकोनी होता. घडीव. एका बाजूला चुना पांढराशुभ्र, आत्ताच उघडा पडल्यासारखा, आणि चुन्यात केसाएवढं एक मूळ तुटून अडकलेलं. त्याच्यावर आकडा नव्हता.

ती ओरडली नाही. भाऊजी काही बोलणार होते, तिने त्यांना हाताने गप्प केलं. माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, “पाच तुमना. हाऊ कोना?”

मी म्हणालो, “माझा नाही.”

एवढंच बोलायला मला सकाळपासून वेळ लागला होता.

तिने दोरीला तीन झटके दिले. खालून काही उत्तर नाही. पुन्हा तीन. मग खालून तीन झटके आले आणि दोर ताणला गेला. रहाटाच्या एका दांड्यावर भाऊजी, दुसऱ्यावर मी. बाई काठाशी उभी राहून नुसती त्या बांधकामाकडे बघत होती, पिंपळाच्या बाजूला. “हळू,” ती म्हणाली, “धक्का नको.”

वर्गात हे मी किती सोपं सांगतो. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. पंचावन्न किलोचा माणूस, बावीस मीटर, बारा हजाराच्या आत-बाहेर ज्यूल. दोन माणसांच्या हातांनी किती वेळ लागेल ते काढा. रहाटाचं प्रत्येक चक्र करकरत होतं आणि त्या करकरीच्या आत मला विहिरीचा दुसरा आवाज ऐकू येत होता, वाळू सरकल्यासारखा, खूप बारीक. की माझ्या कानातलं रक्त होतं ते, माहीत नाही. दोन सेकंदांत दगड खाली जातो आणि आम्ही अजून ओढतोच आहोत. माझे तळहात सोलले. मला ते समजलं नाही, कारण मी मोजत होतो. एक, दोन. काही पडलं नाही. पुन्हा एक, दोन.

पागोटं दिसलं. मग डोकं. बाईने त्याला काखेत धरून काठावर घेतलं.

“माले कसाले वर काढं?” तो चिडून म्हणाला. आत्ताशी कामाला हात घातला होता त्याने. फावडं आणि दुसरं घमेलं खालीच होतं.

बाईने ओळीतला सहावा दगड दाखवला. त्याने तो उचलला, चुन्यावरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि खाली ठेवला. भाऊजींनी त्याला पाणी दिलं. आम्ही चौघं काठापासून मागे सरून बसलो. रानात वाऱ्याचं नाव नव्हतं. विहिरीची गार हवा येत नव्हती.

काहीच होत नव्हतं आणि मला, सांगायला लाज वाटते, थोडी निराशा आली. उगाच माणसाला वर काढलं, आता सगळे मला काय म्हणतील.

मग पिंपळाचं रोप हललं. वारा नसताना. आधी एक पान, मग सगळं रोप, कुणीतरी खालून बुडखा धरून हलवावं तसं. ते हळूच पुढे वाकलं, विहिरीत डोकावलं आणि गेलं. त्याच्यामागून एक दगड गेला. मग तीन-चार. मग बैलगाडीएवढा बांधकामाचा तुकडा जागचा सुटला आणि जाताना त्याने काही आवाज केला नाही. मी मोजलं. एक. दोन. मग पायाखालची जमीन हादरली आणि विहिरीतून पांढरी धूळ वर आली, आमच्या डोक्यांवर बसली, आणि त्या धुळीला जुन्या घराचा वास होता.

तळातला आवाज बराच वेळ विरत नव्हता. फावडं, घमेलं आणि कमरेएवढा गाळ यांच्यावर आता माणूसभर दगड होते.

ती दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. तो आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. ती त्याच्या पाठीवरचा चिखल नखाने खरवडत होती, अगदी बारकाईने, जणू तेच एक काम राहिलं होतं.

रात्रभर मला झोप आली नाही असं लिहिलं तर ते मॅनेज केलेलं रीडिंग होईल. झोप आली. पण त्याआधी मी वही काढली. पंचावन्न किलो, बावीस मीटर, भाऊजींच्या आणि माझ्या हातांची ताकद अंदाजे. त्याला वर काढायला सत्तर सेकंद लागले असावेत, एखादं इकडेतिकडे. वरच्या ओळीत मी सकाळी रेघ मारून खोडलेलं उत्तर होतं, उणे साडेएकाहत्तर. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. दोन आकड्यांचा काही संबंध नाही, अंदाजात दोन किलो इकडेतिकडे केले की तो तुटतो, आणि मी ते करूनही पाहिलं. पण ती रेघ मी तेव्हापासून वर्गात जरा फिकट मारतो. आणि पारवे आधी कसे उठले, याला माझ्याकडे सूत्र नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी गावातल्या गवंड्याला आणून वरचं सुटं बांधकाम पहारीने पाडून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कासोबत मळ्यात गेलो. तिच्या हातात चहाची किटली होती, माझ्या हातात काही नव्हतं. वहीसुद्धा घरी ठेवली होती. नवरा दोर तपासत होता. तो त्या दिवशी उतरणार होता, आणि बायको पालथी पडून ऐकत होती. माझे पाच दगड कुणीतरी काठापासून दूर नेऊन पुन्हा ओळीने मांडले होते आणि त्यांच्या शेवटी तो सहावा.

मी बराच लांब थांबलो. श्वासाचाही आवाज होऊ नये म्हणून तोंडाने घेत होतो. पारवे परत आले होते आणि घुमत होते. पाव तास झाला, वीस मिनिटं झाली. मग बाईने डोळे उघडले, नवऱ्याकडे बघून मान हलवली, आणि त्याने दोर कपाळाला लावला.

मला वाटलं, आता दोन शब्द बोलावेत. मी पुढे झालो. “बाई, त्या दिवशी माझं जे—”

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. अक्काच्या हातून चहाचा कप घेतला, एक घोट घेतला.

“अक्का,” ती म्हणाली, “इहीर आम्ही संभाळी लेसूत. तुम्ही तुमना भाऊले संभाळा.”